कापडाच्या कलाने घेणारा धागा

युरोपातल्या जुन्या गढ्यांमध्ये आणि संग्रहालयांत भिंतभर विणलेली चित्रं टांगलेली असतात. त्यांना टॅपेस्ट्री म्हणतात. लोकर आणि रेशमाची ही कापडं शतकानुशतकं स्वतःच्याच वजनाने ओढली जातात. हवा दमट झाली की धागे ओलावा घेतात, कोरडी झाली की सोडतात. या ओढाताणीत एखादी जागा विरत जाते आणि ती डोळ्यांना दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या अभियंत्यांनी आणि वस्त्रसंवर्धकांनी हा ताण कापड फाटण्याआधीच मोजायचं मनावर घेतलं. हाताशी एक नावाजलेलं साधन होतं : काचेच्या प्रकाशतंतूतली ब्रॅग ग्रेटिंग.

तंतूच्या गाभ्यावर प्रकाशाने कायमच्या रेघा उमटवता येतात, हे कॅनडात केनेथ हिल आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये दाखवलं. सेंटिमीटरभर लांबीत अशा एकोणीसेक हजार रेघा मावतात. आत सोडलेल्या प्रकाशातली एकच तरंगलांबी त्यांच्यावरून परत फिरते, बाकीचा प्रकाश पुढे निघून जातो. तंतू ताणला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परतणारी तरंगलांबी सरकते. मीटरभर तंतू एक मिलिमीटरने लांबला, तर १५५० नॅनोमीटरची लहर सुमारे १.२ नॅनोमीटरने सरकते. पुलाच्या तुळईवर हे साधन चोख काम करतं.

कापडावर मात्र काचेचा ताठपणाच आड येतो. १२५ मायक्रोमीटर जाडीचा काचेचा तंतू एक टक्का ताणायला जवळपास ९०० ग्रॅम वजनाइतकी ओढ लागते. जीर्ण कापडावर तो चिकटवणं म्हणजे दुखऱ्या हाताला फळी बांधणं. तेवढ्या जागी कापड ताणलंच जात नाही आणि आकडा खोटा दिलासा देतो.

इथे पॉलिमर उपयोगी पडतं. ॲक्रिलिक म्हणून आपल्याला माहीत असलेल्या प्लॅस्टिकच्या तंतूवर अशी ग्रेटिंग सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९९९मध्ये पहिल्यांदा उमटली. तेवढ्याच जाडीच्या या तंतूला एक टक्का ताणायला चाळीसेक ग्रॅम पुरतात. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या डेव्हिड वेब यांच्यासोबत तो कापडावर लावून पाहिला. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत काचेपेक्षा पॉलिमरपर्यंत कापडाचा ताण कितीतरी जास्त पोचला.

या तंतूच्या खोडीही आहेत. १५५० नॅनोमीटरला ॲक्रिलिक प्रकाश इतका शोषतं की तीनेक सेंटिमीटरांत निम्मा उजेड संपतो. ताण सोडला तरी तंतू लगेच मूळ लांबीवर येत नाही. सगळ्यात मोठी अडचण ओलाव्याची : ॲक्रिलिक स्वतःच वजनाच्या दोनेक टक्के पाणी पिऊन फुगतं. मग तरंगलांबी कापडामुळे सरकली की तंतूमुळे, हे कसं ओळखायचं? त्यावर उतारा म्हणजे टोपास नावाचं, पाणी जवळपास न पिणारं पॉलिमर. त्यातली ग्रेटिंग दमट हवेला बधत नाही, हे डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं.

या स्तंभाचं म्हणणं असं, की अशा साधनाची पारख त्याच्या टणकपणावर करू नये. ज्याचं माप घ्यायचं त्याला ते किती मोकळं सोडतं, हे आधी पाहावं. आपल्याला हे जवळचं वाटायला हवं, कारण पैठणीचा पदर विणायची रीत टॅपेस्ट्रीचीच आहे आणि त्यात मऊ रेशमाशेजारी जड जर बसलेली असते. प्रयोगासाठी संग्रहालयातल्या पैठणीला हात लावायची गरज नाही. येवल्याच्या मागावरून नुकताच उतरलेला वीतभर पदर जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत टांगावा. टोपासचा एक तंतू रेशमावर, दुसरा जरीवर. दोन्हींचे आकडे कुठल्या आठवड्यात एकमेकांपासून दूर जाऊ लागतात, ते आधी पाहू.