‘ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय सुटलं?

“पोरगं दिवसरात्र गाड्यांचा गेम खेळतंय. उद्या लायसन मिळालं की रस्त्यावर पण तसंच हाणंल.” नगर जिल्ह्यात कुठंही चार पालकांत बसलं की हे वाक्य येतंच. आणि समोर पत्रकार बसलाय म्हटल्यावर पुढची फर्माईश ठरलेली: “साहेब, यावर एकदा लिहा.”

लिहितो. पण तुम्हाला पाहिजे तसं लिहिलं जाणार नाही, हे आधीच सांगतो.

गेम-गेममध्ये फरक असतो. गाडी भिंतीवर आपटून पुन्हा चेंडूसारखी पळते, सिग्नल तोडला की गुण वाढतात, असल्या गेमची वकिली मी करणार नाही. २००७ साली जर्मन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रकारच्या शर्यतींवर प्रयोग केले होते आणि असे गेम खेळल्यावर माणूस जास्त धोका पत्करायला तयार होतो, असं त्यांना दिसलं. पालकांची भीती अगदीच हवेतली नाही.

दुसरी जात आहे सिम्युलेशनची. गाडी खरी जशी वागते तशीच ती पडद्यावर वागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आपल्या पोरांच्या मोबाईलवर याचं सौम्य रूप आहे, ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. हौशी पोरांनी त्यात आपली लालपरीसुद्धा आणलीय. आणि या जातीतला सगळ्यात कडक मास्तर म्हणजे २००४ साली आलेला ‘रिचर्ड बर्न्स रॅली’.

रिचर्ड बर्न्स हा इंग्लंडचा रॅली ड्रायव्हर. २००१ सालचा जगज्जेता, तोही फक्त दोन गुणांच्या फरकानं. २००३ मध्ये गाडी चालवतानाच त्याची शुद्ध हरपली, मेंदूत गाठ निघाली. २५ नोव्हेंबर २००५ ला तो गेला, वय ३४. जगज्जेतेपद मिळालं त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. त्याच्या नावाचा हा गेम दुकानातून कधीच गेला, पण वीस वर्षांनंतरही जगभरातली हौशी मंडळी स्वतःच्या वेळेत त्यात नवे रस्ते, नव्या गाड्या घालून तो जिवंत ठेवतायत. आजच्या गेमपुढं त्याचं चित्र जुनाट दिसतं. तरी लोक सोडत नाहीत, कारण त्यात टायर आणि जमिनीचं नातं खरं आहे.

नवखा माणूस यात बसला की पहिल्या किलोमीटरातच गाडी झाडावर किंवा नाल्यात. चूक पुसून मागं जायची सोय नाही. दगडाला घासलं तर रेडिएटर फुटतो, इंजिन तापतं, गाडी तिथंच बसते. सुरुवातीला एक रॅली शाळा आहे आणि तिथं शिकवतात काय, तर पळवायला नाही, थांबवायला. ब्रेक सरळ रेषेत असताना मारा, वळणात नको. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. चाक जाम झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार.

आता आमच्या धंद्यातलं एक वाक्य बघा. ‘भरधाव वेगातील वाहनावरील चालकाचा ताबा सुटल्याने अपघात झाला.’ करंजी घाट असो, इमामपूर घाट असो की नगर-मनमाड रस्ता, गावाचं नाव आणि मृतांची संख्या बदलायची, बाकी वाक्य तेच. पोलीस ठाण्यातून येतं आणि छापलं जातं. वाचणाऱ्यालाही वाटतं की कळलं काय झालं ते.

काही कळलेलं नसतं हो. ताबा सुटला म्हणजे टायरची पकड सुटली. ती का सुटली? वळणात शिरल्यावर ब्रेक मारला म्हणून? डांबरावर खडी सांडली होती म्हणून? टायर घोटले होते म्हणून? का रस्त्याचा उतारच उलटा होता म्हणून? या चार कारणांचे जबाबदार चार वेगळे आहेत, आणि त्यातला एकच ड्रायव्हर आहे. आपलं वाक्य मात्र सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळं होतं, आणि बऱ्याचदा तो उत्तर द्यायला शिल्लक नसतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. अतिवेग म्हणजे किती, हे त्या रस्त्यावर, त्या उजेडात, त्या टायरवर ठरतं.

साधा हिशोब करू. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे १७ मीटर फुकट गेले. चांगल्या कोरड्या डांबरावर पुढं थांबायला साधारण २० मीटर. एकूण ३७. आता वेग ९० करा. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं. २५ मीटर विचारात जातात, ४५ थांबण्यात. एकूण ७०. आणि रस्त्यावर बारीक खडी किंवा चिखल असेल तर शंभरच्या पुढं. डिपरवर असताना रात्री पुढचं धड दिसतं ४०-५० मीटर. आता त्या ५० व्या मीटरवर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा करा, मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. बाकीचं तुम्हाला माहिती आहे. आपल्या जिल्ह्यात हंगामात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हे गणित मी इथं लिहिलं, तुम्ही वाचलं, उद्या विसराल. सिम्युलेटरमध्ये पन्नास वेळा झाडावर गेलेलं पोरगं विसरत नाही. ते अंगात बसतं.

रॅलीतली दुसरी गोष्ट मला अजून जवळची वाटते, ती म्हणजे शेजारी बसलेला माणूस. स्पर्धेच्या आधी ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार तोच रस्ता हळू वेगात फिरून येतात, प्रत्येक वळण वहीत लिहितात. मग स्पर्धेत जोडीदार वाचत जातो: शंभर मीटर, उंचवटा, पुढं डावं, आवळत जाणारं, आत कापू नको. न दिसणाऱ्या वळणापलीकडं काय आहे ते कानाला आधी कळतं. बर्न्सचा जोडीदार होता रॉबर्ट रीड. गेममध्ये त्या वहीवरचं लक्ष हटलं की दहा सेकंदांत गाडी रस्त्याबाहेर.

हे आपल्याला नवीन आहे का? ट्रकवरचा किन्नर दुसरं काय करतो? डाव्या बाजूला हात काढून “येऊ द्या, येऊ द्या, बास!” एसटीचा कंडक्टर मागं उतरून शिट्टी मारतो, दोन घंट्या देतो. रस्ता एकट्यानं वाचायचा नसतो, हे आपल्या जुन्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होतं. आता मालाच्या गाडीवर किन्नर परवडत नाही म्हणून ड्रायव्हर एकटाच रात्र काढतो, आणि जोडीदाराचं काम उरतं रस्त्याकडच्या पाट्यांवर. त्या पाट्यांचं आपण काय केलंय? वळणाची पाटी ‘भावी आमदार’ यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागं. गतिरोधकावरचे पट्टे पहिल्या पावसात गेले. रॅलीत कुणी वहीचं पान फाडलं तर त्याला माणूस मारायचा प्रयत्न म्हणतील. आपण हार घालतो.

आता उलट बाजू. रॅली बंद रस्त्यावर होते, आपला रस्ता कधीच बंद नसतो. गेममध्ये समोरून कुणी येत नाही. म्हैस नाही, उलट्या बाजूनं येणारी बुलेट नाही, शाळेतून सुटलेली पोरं नाहीत. बंद रस्त्यावर माणूस आला की काय होतं तेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असताना एक मोटारसायकल त्या रस्त्यावर आली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. धडकलेली गाडी गौरव गिल यांची होती. देशातला सगळ्यात नावाजलेला रॅली ड्रायव्हर, महिनाही झाला नव्हता अर्जुन पुरस्कार मिळून. इतका तयार हात, तरी अंतरच उरलं नाही तर काही करता येत नाही. म्हणून गेम खेळून पोरगं रस्त्यावर चालवायला तयार झालं, असं कुणी समजू नये. पकड कुठं संपते, एवढंच तो शिकवतो. समोरच्या माणसाचा अंदाज घेणं वेगळं शिकावं लागतं.

पण ते पहिलं तरी आपण शिकवतो का? तालुक्याच्या गावात गाडी शिकायची म्हणजे रोज अर्धा तास, दुसरा क्लच-ब्रेक मास्तरच्या पायाखाली. गाडी घसरायच्या आधीच मास्तर दाबतो. मग परीक्षेत आठाचा आकडा काढायचा, रिव्हर्स घ्यायचा, झालं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर काय होतं हे लायसन हातात पडेपर्यंत कुणीच अनुभवलेलं नसतं. तो पहिला तास खऱ्या रस्त्यावर, घरच्या लोकांना घेऊन होतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. अशा केंद्राकडं सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक पाहिजेच. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचं शिक्षण, आणि तिथं पास झालं तर आरटीओची चालवण्याची परीक्षा माफ. नियम चांगला आहे. फक्त साध्या ड्रायव्हिंग स्कूलवर ही सक्ती नाही, आणि पाथर्डी-जामखेड-अकोल्यातलं पोरगं शिकतं ते तिथंच.

ज्या शहरात व्हीआरडीई आहे, लष्कराच्या गाड्या तपासायचे ट्रॅक आहेत, रणगाडा चालवणारे जवान घडवणारी संस्था १९४८ पासून आहे, त्या जिल्ह्यातल्या पोराला ब्रेकचं शास्त्र एका जुन्या परदेशी गेमकडून शिकावं लागतंय. पुण्याचे संजय टकले २०२५ ला सौदीच्या वाळवंटात डाकार क्लासिक चालवून आले, त्याचं कौतुक आहेच. माझा विषय मात्र टकले व्हायचं नसलेल्या हजारो पोरांचा आहे, ज्यांना फक्त रात्री घरी पोहोचायचंय.

खर्च म्हणाल तर जुना सिम्युलेटर साध्या कॉम्प्युटरवर चालतो, स्टिअरिंग आणि पायडल एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत येतात. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक संच ठेवायला जिल्हा नियोजनाच्या निधीतून किती जाणार? एका स्वागत कमानीपेक्षा नक्कीच कमी. आणि सुरुवात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरांपासून करा. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना उतारावर काय होतं, ते त्यांना खुर्चीत बसून एकदा अनुभवू द्या.

कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरात असतात, हंगाम त्यानंतर सुरू होतो. सभासद मित्रांनो, उसाच्या भावाचा प्रश्न झाला की हात वर करा आणि दोनच गोष्टी विचारा. ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर कोण लावणार? आणि न लावलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही, हा ठराव आजच्या आज करणार का?