गिफ्ट म्हणजे भेट? जर्मनीत विष!

वाढदिवसाला आपण ‘गिफ्ट’ देतो. जी, आय, एफ, टी हीच अक्षरं जर्मनीत बाटलीवर दिसली तर हात लावू नका, तिथे त्याचा अर्थ विष! स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये तर याच स्पेलिंगचे दोन अर्थ: विष आणि ‘विवाहित’. (नवरा-बायकोचे विनोद तिकडेही चालत असणारच.)

मूळ मात्र एकच, ‘देणे’. इंग्रजीत दिलेली वस्तू. विवाहित म्हणजे लग्नात दिलेली. आपणही ‘मुलगी अमक्या गावी दिली’ म्हणतोच की. जर्मनमध्ये दिलेला औषधाचा डोस, तोच पुढे विष झाला. ‘डोस’चं मूळ ग्रीक, त्याचाही अर्थ देणेच. हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, तिथे जुना अर्थ अजून टिकून आहे.

म्हणून मला वाटतं, सुटे शब्दार्थ पाठ करून घेणं आपण बंद करावं. पाचवीच्या हिंदीत ‘शिक्षा’चा अर्थ एका मुलाने ‘मार’ लिहिला होता. मी लाल फुली मारली. घरी मराठीत त्याने तोच अर्थ ऐकलेला! आता मी फुलीआधी विचारते, “कोणत्या भाषेत रे? वाक्य करून सांग.”