पाठीचे दुखणे लपवू नका

आमच्या बेटावरील तरुण-तरुणी वजन उचलण्याच्या व्यायामाकडे वळत आहेत, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु या व्यायामात एक दुखणे दबा धरून बसलेले असते. वाकून भार उचलताना कमरेत एकाएकी चमक निघते आणि मुलगा घरी येऊन गप्प राहतो. सांगितले तर आई व्यायाम बंद करील, सोबत्यांत हसे होईल, या दोन भयांपोटी तो बोलत नाही. दुखऱ्या पाठीनेच तो पुन्हा भार उचलतो, आणि काही आठवड्यांत बरे होणारे दुखणे महिनोन् महिने रेंगाळते.

यात लाजण्यासारखे काय आहे? २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ४८ किलो गटात भारताच्या मीराबाई चानूने सुवर्णपदक, तर आपल्या मॉरिशसच्या रोइल्या रानाइवोसोआने रौप्यपदक जिंकले. त्याच वर्षी चानूच्या कमरेने दगा दिला आणि तिला आशियाई क्रीडास्पर्धेला मुकावे लागले. ती थांबली, तिने उपचार घेतले आणि २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

वडीलधाऱ्यांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत पाठ मोडेपर्यंत कष्ट केले. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, चोळावे आणि पडून राहावे, अशी कोकणातली जुनी समजूत. आजचे वैद्यकशास्त्र निराळे सांगते. एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. मग झेपेल तसे चालावे, हलकी कामे करावीत. फार दिवस अंथरुणावर राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि बरे होणे लांबते. बहुतेकांची पाठ काही आठवड्यांत सुधारते. लगेच एक्स-रे काढण्याची सहसा गरज नसते.

मात्र पायातील शक्ती कमी होत असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप असेल तरीही डॉक्टरांना दाखवावे. आपल्या सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत मिळतात. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही.

दुखणे ओसरल्यावर पुन्हा वजन जरूर उचलावे, पण हलक्यापासून आरंभ करावा. जुना आकडा गाठण्याची घाई नको. भार अंगाशी धरावा, कमरेतून न वाकता गुडघे व खुबे वाकवावेत आणि उचलताना अंग पिळू नये. भार शरीरापासून जितका दूर, तितका कमरेवर ताण अधिक. विसर्जनाच्या दिवशी गणपतीची मूर्ती उचलणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आईवडिलांना आमची विनंती आहे की, मुलाने वा मुलीने "पाठ दुखते" म्हटले, तर रागावू नका आणि व्यायामही कायमचा बंद करू नका. आज रागावलात, तर पुढच्या खेपेस ते तुम्हांला काहीच सांगणार नाहीत. प्रशिक्षकांनीही दुखणे सांगणाऱ्याला भित्रा म्हणू नये. वेळीच भार खाली ठेवणाराच पुढे तो पुन्हा उचलू शकतो.