टायरला गालगुंड

फिर्यादीने पुरावा स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणायचा, आरोपीने तो तपासायचा, निकालही आरोपीनेच द्यायचा आणि निकाल लागल्यावर पुरावा आरोपीच्याच गोदामात जमा करायचा, अशी न्यायपद्धती मोगलाईतसुद्धा नसावी, असा माझा समज होता. ती आहे. आजच्या घटकेला आहे आणि तिला टायरचा क्लेम असे म्हणतात.

मी बँकेत क्लार्क. अलीकडे आमच्या हुद्द्याचे ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असे बारसे झाले आहे. पण त्याने खुर्चीचा मोडका हात काही दुरुस्त झालेला नाही. राहायला सांगलीत आणि शाखा मिरजेत, त्यामुळे रोजची वीस-बावीस किलोमीटरची वारी मोटारसायकलवरून. शिक्षण बी.कॉम. बी.कॉम. झालेल्या माणसाला गाण्यातले कळत नाही, नाटकातले कळत नाही, असे आमच्या सासुरवाडीचे ठाम मत आहे. असेल. पण त्याला पावतीतले कळते. माझ्याकडे लग्नातल्या मांडववाल्याचीही पावती आहे.

तर २०२४ च्या दिवाळीनंतर मी गाडीला मागचा टायर नवा टाकला. बिल घेतले. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, तेही वहीत उतरवून ठेवले: ३१२४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०२४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात, ऑगस्टच्या तोंडाशी जन्मला. माणसाची पत्रिका मागताना आपण तीन पिढ्या उकरतो आणि ज्याच्यावर बायकोपोरांना बसवायचे त्याची जन्मतारीख पाहत नाही. मी पाहिली. हवा दर आठवड्याला भरत होतो. एकट्याला २८ आणि डबलसीटला ३६ असे साखळीच्या झाकणावर चिकटवलेले आहे, ते मी गुरुमंत्रासारखे पाळले.

चौथ्या महिन्यात, जेमतेम अडीच हजार किलोमीटर झाल्यावर, गाडी मागून डुलायला लागली. मिस्त्रीकडे नेली. त्याने ती डबल स्टँडवर घेतली, चाक गरगर फिरवले आणि बाजूला एके ठिकाणी बोट टेकवून म्हणाला, “साहेब, तुमच्या टायरला गालगुंड झालंय.”

खरोखरच झाले होते. लिंबाएवढा फुगा. मिस्त्री माणूस शाळेत कमी आणि चाकाखाली जास्त बसलेला, त्यामुळे त्याची तपासणी पद्धतशीर. त्याने रिमलगत टायरवर असते ती बारीक गोल रेघ दाखवली. ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर होती, म्हणजे टायर बसवण्यात खोट नव्हती. मग रिमवरून अंगठा फिरवला. कुठे पोचा नव्हता. “टायर कंपनीला दावा,” तो म्हणाला, “आणि पोरीला ह्याच्यावर बसवू नका.”

दुकानाचे शेठ मोठे सज्जन. “ठेवून जा, साहेब. कंपनीचा माणूस मंगळवारी येतो.” मी म्हटले, “टायर मिळाल्याची पोच द्या.” शेठनी माझ्याकडे असे पाहिले की मी त्यांच्या मुलीची पत्रिका मागितली असावी. पण दिली.

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्याने नक्षीची खोली मोजायचे एक चिमुकले यंत्र काढले, तीन ठिकाणी टोचले, गालगुंडावर अंगठा दाबला आणि म्हणाला, “रोड हॅझर्ड.”

“म्हणजे?”

“रस्त्याचा मार, सर. खड्ड्यात आदळलाय. वॉरंटीत बसत नाही.”

“कुठल्या खड्ड्यात?”

“ते तुम्हालाच माहीत, सर.”

वेळ लागला दीड मिनिट. आमच्या शाखेत पासबुक छापायलाही याहून जास्त लागतो.

आता हा ‘रोड हॅझर्ड’ शब्द जरा नीट पाहा. टायरला रस्त्याचा धोका! कपबशीला चहाचा धोका असतो तसाच. टायर ही वस्तू मुळात खड्ड्यांसाठीच जन्माला आली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. कशासाठी? खडबडीत रस्त्यावर पोराला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. म्हणजे आधी खड्डे आणि मग टायर, असा हा ऐतिहासिक क्रम आहे. त्या पोराने बापाला “बाबा, नळी फुगली” म्हणून सांगितले असते तर “बाळ, तू सायकल रस्त्यावर चालवलीस, वॉरंटीत बसत नाही,” असे बोलायची डनलॉपची छाती झाली नसती. घरात जेवायचे होते त्याला.

बरे, खड्ड्याने टायरला फुगा येतच नाही असे माझे म्हणणे नाही. येतो. पुष्कळदा खड्ड्यानेच येतो, हे मिस्त्रीही सांगतो. टायर बाहेरून नुसते रबर दिसले तरी आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात. हवेला धरून ठेवतात ते हे थर. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा सापडला की दोरे तुटतात आणि हवा तिथून गाल फुगवते. पण कारखान्यात थर एकमेकांना नीट चिकटले नाहीत तरीही असाच फुगा येतो. बाहेरून दोन्ही गालगुंडे सारखीच दिसतात. आतून सारखी नसतात. खड्ड्याने मारले असेल तर खड्डा आत सही करून जातो. तुटलेल्या दोऱ्यांची चीर दिसते, पुष्कळदा रिमलाही पोचा येतो. थर सुटले असतील तर दोरे शाबूत आणि थर वेगळे. आतून बॅटरी मारून पाहा, नाहीच कळले तर कापून पाहा. हे काही मंगळावरचे पाणी शोधणे नव्हे.

मी त्या गृहस्थांना म्हटले, “आतून बघा की.”

“तशी पद्धत नाही, सर.”

“मग कारण लिहून द्या.”

“कारण सिस्टीममध्ये असतं, सर.”

माझे भांडण या ‘पद्धत नाही’शी आहे. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला पगार कंपनी देते, वाढ कंपनी देते, आणि मंगळवारी तीन दुकाने उरकायची असतात. त्याच्या जागी साक्षात रामशास्त्र्यांना बसवले तरी दीड मिनिटात तेही ‘रोड हॅझर्ड’च म्हणतील. खोट माणसात नाही, खुर्चीत आहे.

आमच्या बँकेचे उदाहरण घ्या. कॅशियरच्या गल्ल्यात संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले आणि त्याने स्वतःच चौकशी करून ‘पंख्याचा वारा, नैसर्गिक आपत्ती’ असा शेरा मारून वही मिटली, तर? मॅनेजर त्याच पंख्याला त्याला टांगील. ग्राहकाच्या बाबतीत तर आमचे आणखी कठीण. २०१७ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. खातेदाराच्या परवानगीवाचून इलेक्ट्रॉनिक व्यवहाराने पैसे गेले, तर चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. ते परिपत्रक आले तेव्हा आम्ही काउंटरच्या आतले लोक खूप कुरकुरलो. “लोक खोटे बोलतील, बँका बुडतील!” खोटे बोलणारे काही जण भेटले. बँक आहे तिथेच आहे. मग जो न्याय खातेदाराच्या पैशाला, तो त्याच्या मुलीच्या मणक्याला का नको? टायर ज्याने केला त्याच्याकडे यंत्रे आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत, कोणत्या पाळीत कोणत्या साच्यातून टायर निघाला त्याची नोंद आहे. माझ्याकडे एक वही आणि एक मिस्त्री. यातला सिद्ध करायला कोण समर्थ?

आता सगळ्यात गोड भाग. मी नकार मान्य नाही असे लेखी कळवले, टायर पोच दाखवून परत घेतला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. आठवड्यात फोन आला. “सर, दोष नाहीच, पण सद्भावना म्हणून नव्या टायरवर निम्मी सूट देतो. जुना टायर जमा करा.”

घरात आनंदीआनंद. “अहो, घेऊन टाका की,” ही म्हणाली. “हजार रुपये सुटतात. तो मेला टायर गॅलरीत माझ्या तुळशीशेजारी किती दिवस ठेवणार?”

मी नाही म्हटले. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हते. पण माझा हिशेब साधा आहे. सद्भावना ही ताळेबंदात न दिसणारी रक्कम आहे. दोष मान्य केला तर तो कुठेतरी नोंदवावा लागतो. सद्भावना केली की फाइल बंद. आणि टायर कधी एकटा जन्माला येत नाही. एकतिसाव्या आठवड्यात माझ्या टायरबरोबर त्याची भावंडे निघाली. ती आज कुठे इस्लामपूरच्या दूधवाल्याखाली, कुठे जतच्या शिक्षिकेखाली धावत असतील. त्यांनाही एकेक करून सद्भावना मिळाली तर दोष कुणालाच कधी सापडायचा नाही. दोष नव्हताच असेही निघेल कदाचित. पण तेही कापून पाहिल्यावरच कळणार.

ही माझी बी.कॉम.ची कल्पनाशक्ती नव्हे. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. धावत्या गाडीत नक्षीचा पट्टाच सुटून निघत होता. मृतांचा आकडा पुढे अडीचशेच्या वर गेला. त्याआधी वर्षानुवर्षे नुकसानभरपाईचे दावे कंपनीच्या कागदात येऊन पडत होते. प्रत्येक दावा सुटा, प्रत्येकाचा निकाल सुटा. टायरवाले म्हणत हवा कमी होती, गाडीवाले म्हणत टायर वाईट. तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे कायदा झाला, की उत्पादकांनी असे दावे आणि तक्रारी सरकारला कळवायच्याच. कायद्याचे नाव ‘ट्रेड’. टायरच्या नक्षीलाही इंग्रजीत हेच म्हणतात. एखाद्या कायद्याला इतके समर्पक नाव मिळायला अडीचशे माणसे मरावी लागली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. टायरवर आय.एस.आय.चा शिक्का लागतो, त्यासाठी २००९ चा आदेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत बोलावण्याचे कलम आले. तिथेही सरकार पाहते ते किती मालकांनी तक्रार केली याचे प्रमाण. म्हणजे सद्भावनेने गप्प बसलेला ग्राहक त्या मोजणीत येतच नाही. २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवालाला मुदत ४५ दिवस. फक्त प्रयोगशाळेचा खर्च आधी तक्रारदाराला भरायला सांगता येतो. दोन हजारांच्या टायरसाठी तो किती येईल हे मी हिला अजून सांगितलेले नाही.

म्हणून माझी मागणी अगदी क्लार्कच्या कुवतीची आहे. क्लेम नाकारायचा तर टायर आतून पाहून, कारण लिहून, सही करून नाकारा. ग्राहकाला पटले नाही तर तिऱ्हाइताकडून तपासा आणि तो खर्च ज्याने टायर केला त्याने आधी भरावा. आणि मान्य-अमान्य प्रत्येक क्लेम त्या चार आकड्यांसकट सरकारदरबारी नोंदवा. बँकेत पाच रुपयांच्या फाटक्या नोटेचीही आम्ही नोंद ठेवतो.

आणि वाचकहो, तुमच्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. १९७४ मध्ये याच महाराष्ट्रात, पुण्यात, बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आपल्याला तो आयता मिळाला आहे, तर निदान बिल तरी जपा. टायरचे चार आकडे वहीत उतरवा. पोच घेतल्याशिवाय टायर हातावेगळा करू नका. आणि कुणी सद्भावना देऊ केली तर नम्रपणे विचारा, “तेवढी लेखी मिळेल का?”

बघा, समोरच्या चेहऱ्यावरची सगळी हवा जाते.