विश्लेषण : भारतात नोंदवलेले डिझाइन परदेशात का चालत नाही? वऱ्हाडातील उद्योजकांसाठी सहा महिने का महत्त्वाचे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या आणि समाजमाध्यमांवर संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. पण ते भारतापुरते. औद्योगिक डिझाइनची नोंदणीही अशीच त्या-त्या देशापुरती असते. अमरावतीजवळ नांदगाव पेठेतील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिथून कापड आणि कपडे परदेशी जाणार असतील, तर हा नियम वऱ्हाडाने आताच समजून घ्यायला हवा.

डिझाइन म्हणजे काय?

वस्तूचा आकार, नक्षी, रंगसंगती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ प्रसिद्ध आहे. अशा यंत्रात डाळ तयार करण्याची नवी पद्धत शोधली, तर मार्ग पेटंटचा. यंत्राला नवे बाह्यरूप दिले, तर मार्ग डिझाइन नोंदणीचा. कापडावरची नवी नक्षीही डिझाइनमध्येच मोडते. भारतात हे संरक्षण १० वर्षे मिळते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. व्यक्ती व लघुउद्योगांसाठी अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे.

परदेशात अर्ज कसा करायचा?

एकाच अर्जात अनेक देश निवडण्याची सोय हेग करारात आहे. पण भारत त्याचा सदस्य नाही. त्यामुळे अकोल्यातील उद्योजकाला सहसा प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. युरोपीय संघासाठी मात्र एकच अर्ज पुरतो. तिथे एका डिझाइनचे शुल्क ३५० युरो असून प्रतिनिधीचा खर्च वेगळा.

इथे पॅरिस कराराचा आधार मिळतो. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत परदेशात अर्ज केल्यास भारतातील तारीखच ग्राह्य धरली जाते. १ मार्चला भारतात अर्ज केला, तर १ सप्टेंबरपर्यंत वेळ. मुदत हुकली की हा अग्रहक्क जातो.

रील आधी टाकली तर?

सर्वात मोठा धोका हाच. डिझाइन ‘नवे’ असणे ही मुख्य अट आहे. अर्जाआधी इन्स्टाग्रामवर फोटो टाकला किंवा ग्राहकांना कॅटलॉग वाटला, तर भारतात नोंदणी नाकारली जाऊ शकते. अमेरिका आणि युरोपीय संघात निर्मात्याने स्वतः डिझाइन उघड केल्यास वर्षभराची मुभा असते. चीनमध्ये अशी सर्वसाधारण मुभा नाही. म्हणजे एका पोस्टमुळे एक बाजारपेठ कायमची हातची जाऊ शकते.

कोल्हापुरीला हा मार्ग का नाही?

कोल्हापुरीचे पारंपरिक रूप पिढ्यान्‌पिढ्या सर्वांसमोर आहे. ते नवे नसल्याने डिझाइन म्हणून नोंदवता येत नाही. अमरावतीच्या कापडावर उद्या उमटणाऱ्या नक्षीला मात्र ही संधी आहे.

त्यासाठी क्रम पाळावा लागेल : आधी भारतात अर्ज, मग पोस्ट आणि प्रदर्शन, आणि सहा महिन्यांच्या आत परदेशातील अर्ज. प्रत्येक देशात खर्च करणे परवडणार नाही. जिथे माल विकायचा आहे किंवा जिथे नक्कल होण्याची भीती आहे, तेवढेच देश निवडणे शहाणपणाचे.