नदीची हजेरी

मैत्रिणींनो, मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या दौंडात आठ दिवस पावसाचा टिपूस नव्हता. मी गोधड्या उन्हात घातल्या होत्या. तेवढ्यात चुलत दीर धावतपळत आले. "वहिनी, दादांना सांगा, मोटार काढायला माणसं हवीत. भीमा चढतीय." सासूबाई म्हणाल्या, "अरे, एवढं ऊन पडलंय की!"

त्या उन्हानंच तर तीन वर्षांपूर्वी घात केला होता. मोटार, पाइप, स्टार्टर, सगळं एका रात्रीत वाहून गेलं आणि कर्जाचा हप्ता तेवढा मागे राहिला. आपल्या नदीचा पाऊस आपल्या अंगणात पडतच नाही ना! तो पडतो भीमाशंकराला, मुळशीला, पानशेतच्या डोंगरात. मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि काही तासांनी आमच्या दारात येतं.

मग या वेळी भाऊजींना आधी कसं कळलं? मोबाइलवर आकडा आला होता, दौंडचा विसर्ग इतके क्युसेक. हा आकडा येतो कुठून, हे मी शाळेतल्या मुलांसाठी म्हणून वाचून काढलं. तेच आज तुम्हांला सांगते.

जागतिक बँकेच्या मदतीने 2006 ते 2014 या काळात जलविज्ञान प्रकल्पाचा दुसरा टप्पा झाला. त्यात जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत आपोआप नोंद करणारी यंत्रे बसवली. पाऊस मोजणाऱ्या यंत्रात नरसाळ्याखाली दोन खणांची इवलीशी डोली असते. एक खण भरला की डोली कलंडते आणि दुसरा खण पुढे येतो. किती वेळा कलंडली ते मोजलं की पाऊस कळला. नदीचं यंत्र पुलावर असतं. ते पाण्याला हातही लावत नाही. खाली लहरी सोडतं आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते ठरवतं. वीज सौर पाटीची. जवळच्या पेटीत नोंदी साठतात आणि उपग्रहामार्फत किंवा मोबाइलच्या जाळ्यातून पुण्याच्या सिंचन भवनातल्या केंद्राकडे जातात.

सगळी यंत्रं एकदम बोलली तर गलकाच व्हायचा, म्हणून उपग्रहावरून बोलायला ज्याची त्याची वेळ ठरलेली. अगदी वर्गातली हजेरी! माझ्या वर्गात एखादा गैरहजर असला की मी चौकशी करते, तशी केंद्रातही करावी लागते. रिकामी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे. त्याहून अवघड म्हणजे हजर राहून खोटं सांगणारा. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की बाहेर धो धो पाऊस असला तरी यंत्र खुशाल "शून्य" कळवतं. म्हणून माणसानं जाऊन साफसफाई करावीच लागते. (आपल्या मोरीच्या जाळीसारखंच हो!)

यंत्र पाण्याची उंची सांगतं, विसर्ग नाही. त्या ठिकाणी आधी माणसांनी प्रवाह मोजून तक्ता केलेला असतो. इतकी उंची म्हणजे इतकं पाणी. पुरानं नदीचं पात्र बदललं की तक्ता पुन्हा करावा लागतो.

आता क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, आपल्या दोन बादल्या. साडेअकरा हजार क्युसेकनं पाणी चोवीस तास वाहिलं की खाली उजनीत एक टीएमसी भर पडते. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी.

नदीकाठी शेत असेल तर एकच आकडा बघून थांबू नका. तासा-दोन तासांनी पुन्हा बघा. चढता आहे की उतरता, हे महत्त्वाचं. शिवाय वरच्या धरणांतून किती सोडलं तेही बघा, तेवढाच जास्त वेळ हाताशी मिळतो. माझी आई शिरूरला असते. तिला मी हेच शिकवलं. आता तीच घोड धरणातून पाणी सोडल्याची बातमी मला आधी कळवते, कारण घोडही पुढे भीमेलाच मिळते.

आमच्या 'ह्यां'नी त्या दिवशी सुट्टी टाकली. दिवेलागणीला मोटार ट्रॉलीत चढली, पाइप मात्र निम्मेच निघाले. सकाळी बघतो तर काठावरची बाभूळ कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि वर आकाश लख्ख निळं.