तळघर आणि तालीम

ज्या व्यापारी घरांना तळघर आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांना त्याची खरी किंमत ठाऊक असते. धान्याची पोती, तेलाचे डबे, गुळाच्या भेल्या, कापडाचे गठ्ठे हे सारे एके काळी तेथेच उतरत असे. आता माल कंपनीच्या गाडीतून थेट दुकानाच्या दारात येतो, साठा थोडा ठेवावा लागतो, आणि तळघरात उरतात ते जुने तराजू, लग्नकार्यातली पितळेची भांडी आणि वीस वर्षांच्या खातेवह्या. अशा तळघराकडे घरातील तरुण पिढी निराळ्या नजरेने पाहू लागली आहे. मुलगा किंवा सून म्हणते, ‘बाबूजी, खाली व्यायामाचा स्टुडिओ काढू या.’ बाबूजींच्या कपाळावर आठी पडते. या लेखात त्या आठीचाही विचार करावयाचा आहे आणि त्या उत्साहाचाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हावी. हा स्टुडिओ म्हणजे चौकातील जिम नव्हे. तेथे मोठ्याने गाणी लागत नाहीत, पन्नास माणसांची वर्दळ नसते. एक प्रशिक्षक असतो आणि एका वेळी एक, फार तर तीन व्यक्ती वेळ ठरवून येतात. सव्वादोनशे ते अडीचशे चौरस फूट जागा, रबरी मॅट, डंबेलचे काही जोड, दोन-तीन केटलबेल, एक बाक आणि ताणाचे रबरी पट्टे एवढ्यावर काम सुरू होते. आपल्या समाजाला याची गरज आहे, हे मला निःसंशय वाटते. गादीवर दहा-दहा तास बसणारा आपला व्यापारी आणि चाळिशीतच गुडघे धरून जिना चढणारी आपली गृहिणी या दोघांनाही सार्वजनिक जिममध्ये पाऊल टाकणे अवघड जाते. परिचित घरात, परिचित सूनबाईंच्या देखरेखीखाली त्याच भगिनी निःसंकोच येतील.

श्रावकाचाराच्या दृष्टीने पाहिले तर हा धंदा कसा? श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, स्फोटकर्मही येते. लाकूड, बांबू, तेंदूपत्ता यांच्या व्यापारावर जगणाऱ्या आपल्या जंगलपट्ट्यात हा विषय केवळ प्रवचनापुरता कधीच नव्हता. अनेक घरांत त्यावर वडील आणि मुलगे यांचे वाद झाले आहेत. व्यायाम शिकविण्याच्या उद्योगात जीवहिंसेचा अंश फारच थोडा आहे. मात्र स्टुडिओसाठी म्हणून नवे तळघर खोदणे मला पटत नाही. त्यात पृथ्वीकायाची विराधना होते ती होतेच, शिवाय पैसाही जमिनीत जातो. असेल ते वापरावे, नसेल तर माडीवरची खोली घ्यावी.

जमिनीखाली व्यायाम करणे आपल्याकडे नवे नाही. अनेक जुन्या तालमींत आखाड्याची माती बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल असते, दरवाजा बुटका आणि झरोके लहान असतात, कारण आत गारवा टिकावा लागतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात हा गारवा लाखमोलाचा. जमिनीत दहा फुटांवर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक फारसा पोचत नाही, म्हणून तळघर दुपारीही सुसह्य राहते. विदर्भात व्यायामाची परंपराही सशक्त आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत लावलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोपटे आज शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयापर्यंत वाढले आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. प्रशिक्षण घ्यावयाचे तर दूर जाण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख पुरे.

आता बाबूजींच्या आठीकडे वळू. तिचे पहिले कारण पाणी, आणि येथे बाबूजी बरोबर आहेत.

चंद्रपूर शहर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या कुशीत वसले आहे. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी वस्त्यांत शिरले, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटेचा पूर जवळजवळ दर पावसाळ्यात वेढा घालतो. पुराचे पाणी रस्त्यावर गुडघाभर असते तेव्हा तळघरात ते छतापर्यंत असू शकते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडाले. त्या जागेला परवानगी साठवणुकीची होती, वापर अभ्यासिकेसाठी चालला होता. दार बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने उघडत नाही आणि जिन्यावरून पाण्याचा लोंढा येत असतो, त्या वेळी वर चढणे तरुणालाही कठीण असते. गुडघेदुखीसाठी आलेल्या आपल्या काकीजींचे काय होईल? म्हणून ज्या घराच्या उंबरठ्याला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकदा तरी पुराचे पाणी लागले आहे, त्या घराने तळघरातील स्टुडिओचा विचार सोडून द्यावा. या मुद्द्यावर तडजोड नको. इतरांनीही बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे काय ते पाहावे, विजेचे बटण आणि सॉकेट कमरेच्या वर घ्यावेत आणि आरसीसीबी बसवून घ्यावी.

दुसरे कारण हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोराच्या व्यायामात हेच प्रमाण साठ लिटरांच्याही पुढे जाते. बंद तळघरात तीन माणसे घाम गाळू लागली की अर्ध्या तासात डोके जड होते आणि लोक समजतात, व्यायाम फार झाला. एक पंखा हवा बाहेर फेकणारा आणि त्याच्या समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची वाट, अशी जोडी हवी; नुसता एक पंखा लावून भागत नाही. जनरेटर तळघरात कदापि ठेवू नये, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचे सिलिंडरही नको. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो.

छताचेही पाहावे. जुन्या गोदामाचे छत पुष्कळदा साडेसात फुटांचे असते. हात वर करून डंबेल उचलायचे तर आठ फूट तरी हवेत. नसतील तर वरचे व्यायाम बाकावर बसून घ्यावेत. दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना अडचण नाही. मल्लखांबाचा विचार मात्र अंगणासाठी राखून ठेवावा.

आपल्या समाजाचा खरा प्रश्न घड्याळाचा आहे आणि त्याचे उत्तर बाहेरच्या कोणत्याही प्रशिक्षकाला सुचणार नाही. जिमचा धंदा संध्याकाळी सात ते दहा चालतो. आपल्यातील चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. डिसेंबरात चंद्रपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सातला घाम गाळून सकाळच्या नवकारसीपर्यंत कोरडे राहणे, तेही वैशाखात, शरीरावर अन्याय करणारे आहे. तेव्हा वेळापत्रक सूर्यावर बेतावे. पहाटे सामायिकानंतर एक तुकडी, घरची कामे आटोपल्यावर दहा ते बारा भगिनींची, आणि चार ते पाच ही शेवटची. दुकानदार बंधूंना चारची वेळ गैरसोयीची वाटेल, पण उन्हाळ्यात दुपारी चारला गिऱ्हाईक तरी किती असते? एका सत्राची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटे ठेवली तर सामायिकाची सवय असलेल्यांना ती सहज उमगेल. आणि नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे आज उपवास, एकासणे की आयंबिल, हे विचारून लिहावे. अठ्ठाई चालू असलेल्या व्यक्तीला वजन उचलायला लावणारा प्रशिक्षक कितीही शिकलेला असला तरी आपल्या कामाचा नाही. पर्युषणात व्यायामशाळा बंद ठेवली तर उत्तमच.

प्रोटीनच्या डब्यांचा मोह टाळावा. व्हे हे चीज तयार करताना निघणारे पाणी. चीज बनविताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाण्याचा संभव असतो. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते. डब्यावरचे हिरवे चिन्ह पाहावे, आणि त्याआधी मूग, हरभरा, दही, पनीर यांकडे पाहावे. कातडी पट्टे आणि हातमोजे यांऐवजी कापडी किंवा नायलॉनचे मिळतात.

कागदपत्रांचे थोडक्यात. तळघराच्या वापराबाबत महापालिकेत किंवा नगर परिषदेत आधी लेखी विचारणा करावी. मंजूर नकाशात साठवणूक लिहिले असेल तर तेथे माणसे जमविण्यापूर्वी परवानगी लागते. महावितरणला वापर बदलल्याचे कळवावे. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नुसती सूचना पुरते. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. फी मात्र नातेवाइकांकडूनही घ्यावी. फुकट शिकणारे नातेवाईक दोन आठवड्यांत येणे थांबवितात आणि सूनबाईंच्या श्रमाचा हिशेब कुठेच लागत नाही.

घाई करू नये, एक चातुर्मास जाऊ द्यावा. आषाढ लागण्यापूर्वी तळघर रिकामे करून भिंतींना चुना द्यावा. मग दर पंधरा दिवसांनी फरशीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येत आहे असे समजावे. चुन्यावर ओलीचा डाग जेथवर चढेल तेथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. कार्तिकी पौर्णिमेला त्या रेघा बाबूजी आणि सूनबाई यांनी एकत्र पाहाव्यात, आणि मॅट व डंबेलची ऑर्डर त्यानंतर द्यावी.